किल्ली कोणाकडे?
(हितचिंतकांच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



मी ना पाळक, ना डॉक्टर. संगणकावर नोकरी केली, निवृत्त झालो आणि आता आठवड्यातून तीन दिवस आपल्या नाशिकच्या कार्यालयात बसतो. तिथे काय चालले आहे ते साध्या भाषेत सांगा, अशी मला आज्ञा झाली आहे.

आपले काम विखुरलेले आहे. वसतिगृहे धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत, दवाखान्याची जीप आज मोलगीकडे तर उद्या तोरणमाळकडे. कागदही तसेच विखुरलेले. हजेरी वहीत, औषधांचा साठा दुसऱ्या वहीत आणि मुलांचे दाखले कोणाच्या तरी व्हॉट्सअॅपवर. फोन बिघडला की त्याबरोबर जातीचा दाखलाही गेला, असे झाले आहे.

म्हणून आम्ही नेक्स्टक्लाउड नावाची प्रणाली घेतली. 2016 साली सुरू झालेली ही प्रणाली मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिची मूळ संहिता कोणालाही पाहता येते, बदलताही येते. परवान्याचे पैसे नाहीत, सर्व्हरचे भाडे मात्र लागते. ‘बदलता येते’ हे वाचून मला हुरूप आला. पहिल्याच महिन्यात मूळ संहितेत हात घालून मी बटणांवरचे शब्द बदलले. लगेच इशारा झळकू लागला की काही फायली मूळ प्रतीशी जुळत नाहीत. पुढची आवृत्ती बसवली आणि माझे सगळे कौतुक पुसले गेले. तेव्हापासून जे करायचे ते सेटिंगमधून.

खरे तर पुढचे बरेचसे काम काढून टाकण्याचेच होते. धडगावच्या वसतिगृहातील ताई पडदा बघून म्हणाल्या, “दादा, एवढं सगळं कशाला? मला हजेरी, दाखले आणि किराणा.” त्यांच्यापुरते तेवढेच ठेवले, बाकीचे बंद केले.

जुन्या अहवालांनी मात्र घाम काढला. ते जुन्या मराठी फॉण्टमध्ये टाईप केलेले. दुसऱ्या संगणकावर उघडले की नुसती चिन्हे, आणि नाव शोधावे तर सापडत नाही. ते युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे मोडत होती. आपल्या तरुण संघातील दोन मुलींनी मे महिन्याची सुट्टी त्यात घातली. त्या आज इथे बसल्या आहेत, पण नावे घेऊ नका म्हणाल्या.

रेंजचे तुम्ही विचाराल. फायली लॅपटॉपवरच राहतात, रेंज मिळाली की सर्व्हरशी जुळतात. दोघांनी एकच फाईल वेगवेगळ्या जागी बदलली तर प्रणाली कोणाचेही लिहिलेले पुसत नाही, दुसरी प्रत बाजूला ठेवते. पहिल्या महिन्यात अशा प्रतींचा ढीग झाला. मग ठरले : प्रत्येक केंद्राची हजेरी वेगळी आणि ती लिहिणारा माणूस एकच.

आता जे सांगायला मी मुख्यतः उभा आहे ते. आपल्या भागात सिकलसेल हा मोठा प्रश्न आहे. आजार आनुवंशिक आहे. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. वाहक स्वतः बहुधा ठणठणीत असतो. पण मुलगी वाहक आहे हे गावात कळले की तिच्या लग्नाची बोलणी थांबतात. आपल्या परिचारिकेने तपासणीची यादी प्रणालीत ठेवली आणि मला फोनवर विचारले, “दादा, हे कोण कोण बघतं?”

मी पाहिले. सगळे बघत होते. ड्रायव्हर, स्वयंपाकी, कार्यालयातील शिकाऊ मुलगा. मी सोयीसाठी सगळ्यांना एकाच गटात घातले होते. कोणी ती यादी उघडली नव्हती, ही देवाची कृपा; त्यात माझी हुशारी काही नाही.

त्या रात्री गट वेगळे केले. आरोग्याच्या नोंदी आता परिचारिका आणि डॉक्टर यांनाच दिसतात. मी व्यवस्थापक असल्याने तांत्रिकदृष्ट्या मला वाट उघडी आहे, हेही लपवत नाही. म्हणून माझ्या खात्याची नोंदवही दुसरी व्यक्ती दर महिन्याला तपासते. बाहेर पाठवायच्या दुव्याला पासवर्ड आणि मुदत सक्तीची केली.

याचा तुमच्याशीही संबंध आहे. “आम्ही ज्या मुलाला मदत करतो त्याचा फोटो, नाव, गाव पाठवा,” असे पुष्कळजण प्रेमाने लिहितात. यापुढे ते पाठवणार नाही. पालकांनी संमती दिली असेल तर फोटो येईल, पण त्याच्याबरोबर गावाचे नाव आणि आजारपणाची कहाणी येणार नाही. दोघांनी यावर नाराजीची पत्रे लिहिली आहेत. त्यांना मी फोन करून बोललो. एक समजले, दुसरे अजून रागावलेले आहेत.

चहाच्या वेळी मागच्या टेबलावर लॅपटॉप ठेवला आहे. ताईंचा पडदा उघडून पाहा. त्यातील नावे खोटी आहेत.