केसपेपर मागून घ्या



बाळंतपणात विपरीत घडलं की घरचे लोक आधी डॉक्टरांच्या अंगावर धावून जातात आणि तेरावं झालं की नशिबाला बोल लावून गप्प बसतात. हुबळी-धारवाडात काय किंवा इतरत्र काय, हेच चालतं. या दोन्हींतून न्याय मिळत नाही, म्हणून आज बोलतो आहे.

जुलै 1963. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात एक बाई बाळंत झाली, मुलगा झाला. 13 तारखेला तिची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केली. त्यानंतर सणसणून ताप भरला, पोट असह्य दुखू लागलं. 19 तारखेला टाके उघडले, तर आत रक्त टिपायचा टॉवेल राहिलेला! 24 जुलैला ती गेली.

घरच्यांनी दावा लावला. खालच्या कोर्टाने 36,000 रुपये भरपाई दिली. उच्च न्यायालयाने ती रद्द केली. एक कारण असं, की रुग्णालय चालवणं हे सरकारचं सार्वभौम काम. 20 फेब्रुवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे खोडून काढलं. पोटात टॉवेल राहतो, यातच हयगय उघड आहे, सरकारने पैसे भरावेत. यात जवळपास 33 वर्षं गेली. आई गेलेलं ते बाळ तोवर कर्ता पुरुष झालं असेल.

सगळ्याच प्रकरणांत असा टॉवेल सापडत नाही. बाळाचे ठोके केव्हा मोजले, सिझरचं किती वाजता ठरलं, रक्त कधी मागवलं, हे केसपेपरवरूनच कळतं. कधी अंगावरून अतोनात रक्त जाऊन, सगळी शर्थ करूनही बाई दगावते. तिथे डॉक्टरला गुन्हेगार ठरवणं अन्यायाचं. तेही कागदच सांगतात. आंतररुग्णाचे कागद तीन वर्षं जपणं आणि मागितल्यावर 72 तासांत नक्कल देणं, हे 2002 च्या वैद्यकीय आचार नियमांनी डॉक्टरांवर बंधनकारक आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तायी कार्ड (गरोदरपणातल्या तपासण्यांचं सरकारी कार्ड) आणि सोनोग्राफीचे रिपोर्टही सांभाळा.

पैसे भरून उपचार घेतले असतील, तर धारवाडच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करा. जिथे सगळ्यांनाच उपचार मोफत, तिथे वाट दिवाणी कोर्टाची. वकिलाच्या फीच्या धास्तीने मागे हटू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.