परराज्यातली एजंट-परीक्षा

अमेरिकेत घरांच्या खरेदी-विक्रीचं लायसन्स राज्यागणिक वेगळं. जॉर्जियात परीक्षा देऊन एजंट झालेल्यांना फ्लोरिडात काम करायचं, तर तिथल्या कायद्यावरची ४० प्रश्नांची परीक्षा असते; ३० उत्तरं बरोबर हवीत. घोडं अडतं ते नोंदणीपाशी. आधी फ्लोरिडाच्या परवाना विभागाकडे अर्ज आणि मूळ राज्यातल्या लायसन्सचा दाखला द्यायचा. मंजुरी मिळाली की मगच परीक्षेची तारीख घ्यायची. दुसरी अडचण नावाची. मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव लावणाऱ्या मराठी मंडळींनी अर्जावरचं आणि ओळखपत्रावरचं नाव ताडून पाहावं. फरक दिसला, तर परीक्षेच्या दिवसाची वाट न पाहता लेखी दुरुस्ती मागावी आणि पोच जपून ठेवावी.