पैसे आले नाहीत, पोती कुणाची?

शिवऱ्यातून बोलतेय. भात झोडून झालं, इंद्रायणी गिरणीतून पोत्यांत आली, आणि गटांना पुण्याच्या दुकानदारांचे फोन सुरू झालेत. म्हणून आज उधारीबद्दल.

समजा, गटाने दहा पोती रोखीने विकली. चार दिली, त्यांचेही निम्मेच पैसे आले. आता दुकानदार म्हणतो, "ताई, उरलेली सहा चढवा, हिशोब एकदमच करू." आणि आपण भिडेपोटी चढवतो! बँकेचा हप्ता मात्र भिडेपोटी थांबत नाही.

1930 चा माल विक्री कायदा आपल्या बाजूचा आहे. पूर्ण किंमत मिळाली नाही किंवा चेक वटला नाही, तर आपल्या ताब्यातला माल पैसे येईपर्यंत अडवून ठेवता येतो. बिल फाडलं, मालकी त्याची झाली, तरीही. चार पोती दिली म्हणून सहांवरचा हक्क सहसा जात नाही. पण तीस दिवसांची उधारी कबूल केली असेल, तर ते दिवस संपेपर्यंत अडवता येत नाही. अपवाद एकच, दुकानदाराचं दिवाळं वाजलं असेल तर.

टेम्पो निघाल्यावर काय? तो भाड्याचा असेल आणि दुकानदार कुणाचीच देणी फेडू शकत नाहीये असं कळलं, तर टेम्पोवाल्याला कळवून माल वाटेतून परत मागवता येतो. परतीचं भाडं आपलं. टेम्पो दुकानदाराचाच असेल तर चढवला तेव्हाच माल त्याच्या हाती गेला. म्हणून पोती उचलण्याआधी विचारा, गाडी कुणाची?

अडवलेला माल दुसऱ्याला विकता येतो, पण आधी नोटीस द्या: इतक्या दिवसांत पैसे द्या, नाहीतर विकतो. मुदत वाजवी ठेवा, स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपा. नोटीस दिली आणि भाव पडला, तर तोटा त्याच्याकडून मागता येतो. न देता विकलं तर तोटा आपला, आणि वर फायदा झाला तर तो त्याचा! भाजीसारख्या नासक्या मालाला नोटीस लागत नाही.

माल दुकानात पोचल्यावर मात्र जाऊन उचलून आणायचा नाही, कितीही राग आला तरी. मग पैशांसाठी दावा, तोही तीन वर्षांच्या आत. चेक परत आला असेल तर बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्या. ती मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस असतात.

पुढच्या बैठकीला बिलबुकं घेऊन या. उधारीची मुदत कुणी काय लिहिलीय, ते एकेक पाहू.