सूर्य झाकायचा कसा?

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या बॅचने शाळेला सूर्य बघायची दुर्बीण द्यायचं ठरवलंय, आणि कोणती घ्यायची हे सांगायचं काम माझ्याकडे आलंय. वर्गणी तुमची आहे, तेव्हा दोन मिनिटं सोसा.

सूर्याच्या कडेवर लालसर कमानी उभ्या असतात. आपण त्यांना ज्वाला म्हणतो. खरं तर तो चुंबकीय क्षेत्राने उचलून धरलेला वायू, मुख्यतः हायड्रोजन. पृथ्वी सहज मावेल एवढ्या त्या मोठ्या असतात, पण झगमगाटात दिसत नाहीत. हात आडवा धरून भागत नाही. सूर्य झाकला तरी भोवतीची हवा त्याच्याच विखुरलेल्या उजेडाने पांढरी झालेली असते. चंद्र हवेच्या पलीकडे असतो, तो झाकतो तेव्हाच हवाही अंधारते.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण आपल्या किनाऱ्यावरून गेलं. विजयदुर्गावरचे साहेबाचे ओटे दाखवून ‘इथे लॉकियरने हेलियम शोधला’ असं सांगतात. देवगड तालुक्यात उभं राहून हे बोलणं जरा धाडसाचं आहे, पण लॉकियर त्या दिवशी इंग्लंडात होता! गुंटूरला होता तो फ्रान्सचा जान्सेन. वर्णपटात त्याला ज्वालांच्या रेषा इतक्या ठळक दिसल्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसताना, त्याने त्या पुन्हा गाठल्या. आकाशाच्या उजेडात सगळे रंग असतात. तो वर्णपटात पसरला की तांब्याभर पाणी अंगणात फेकावं तसा पातळ होतो. ज्वालेचा उजेड मात्र मोजक्याच रंगांत असतो, म्हणून तो उठून दिसतो. लॉकियरनेही २० ऑक्टोबरला, इंग्लंडातूनच, स्वतंत्रपणे हे साधलं. ग्रहणाची वाट बघणं संपलं. मला तर हेलियमपेक्षा हेच मोठं वाटतं.

पुढे १९३० च्या सुमारास फ्रान्सच्याच बेर्नार लिओने दुर्बिणीच्या आत, सूर्याची प्रतिमा पडते तिथे, चकती बसवली. म्हणजे खोटा चंद्रच. पण भिंगावरची धूळ आणि भिंगाची कडसुद्धा उजेड विखुरते, म्हणून भिंग अतिशय स्वच्छ हवं आणि जागा पिक दु मिदीसारखी उंच शिखरावरची. आपल्या आदित्य-एल१ वर याच जातीचं उपकरण आहे. आपल्या दमट, खाऱ्या हवेत मात्र ते नको.

ग्रुपवर काहींनी सुचवलंय की मोठी दुर्बीण घेऊ आणि पुढे साधा सोलर फिल्टर लावू. त्यातून डाग छान दिसतील. ज्वाला नाही दिसणार, कारण तो फिल्टर सूर्य, आकाश आणि ज्वाला, सगळ्यांनाच सारखं मंद करतो. माझं मत, भिंग लहान चालेल, पण हायड्रोजनचा तेवढा लाल रंग, ६५६ नॅनोमीटरचा, आत सोडणारी दुर्बीण घ्यावी. जान्सेनचीच युक्ती, फक्त फिल्टरच्या रूपात.

मुलांच्या डोळ्यांची सरांना काळजी आहे, ती रास्तच. म्हणून फिल्टर कारखान्यातूनच पक्का बसवलेला असावा, तो कोणी उघडू नये, आणि त्या कपाटात दुसरी साधी दुर्बीण ठेवू नये. किल्ली विज्ञानाच्या बाईंकडे राहील.