शाळेला यंत्र देताना

(सुवर्णमहोत्सवानिमित्त लोहारा येथे आयोजित शिक्षक-सन्मान समारंभातील व्याख्यान)



न्यासाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आनंद साजरा करताना परिसरातील शाळांना आधुनिक शैक्षणिक साधने भेट द्यावीत, असा विचार पुढे आला आहे, ही समाधानाची गोष्ट होय. संगणक द्यावा की प्रोजेक्टर, टॅब द्यावेत की भिंतीवरचा मोठा पडदा, याची चर्चाही सुरू आहे. परंतु दरपत्रके मागविण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळावयास हवे. फीत कापली गेली, छायाचित्रे निघाली, पाहुणे परतले. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी तिसरीच्या वर्गावरील शिक्षक त्या यंत्राचे काय करणार?

जैन परंपरेने आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी दानाची चार रूपे मानली आहेत. शास्त्रदानाचे एक जुने उदाहरण येथे उपयोगी पडेल. दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे या श्राविकेने पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या एक हजार प्रती लिहवून घेतल्या व त्या वाटल्या. छपाईचा शोध या देशात पोहोचण्यास अद्याप कित्येक शतके होती. प्रत्येक प्रतीमागे एका लेखनिकाचे अनेक दिवस खर्ची पडले असणार. तिने कोरी ताडपत्रे वाटली असती, तर काम स्वस्तात झाले असते आणि संख्याही मोठी दिसली असती. शाळेला दिलेला रिकामा संगणक हे एक प्रकारे कोरे ताडपत्रच आहे. त्यावर लिहिणारा हात शिक्षकाचा, आणि त्या हाताचा विचार देणगीदारांच्या बैठकीत फारसा होत नाही.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. १९८४ मध्ये पुण्यात ‘बालचित्रवाणी’ ही संस्था उभी राहिली आणि दूरदर्शनवरून शाळकरी मुलांसाठी कार्यक्रम होऊ लागले. कार्यक्रम चांगले होते. त्या काळी शाळेत असलेली मंडळी आजही त्यांची आठवण काढतात. अडचण दुसऱ्या टोकाला होती. प्रक्षेपणाची वेळ एक, वर्गाचे वेळापत्रक दुसरे आणि विजेची मर्जी तिसरीच. कार्यक्रम संपल्यावर त्यावर मुलांशी काय बोलावे, हे ठरविणे सर्वस्वी शिक्षकावर होते. २०१७ मध्ये ही संस्था बंद झाली. केंद्र सरकारने डिसेंबर २००४ मध्ये शाळांतील संगणकशिक्षणाची योजना सुरू केली. त्यातून माध्यमिक शाळांत संगणक पोहोचले. जेथे एखाद्या शिक्षकाने त्यात मन घातले तेथे ते चालले. इतरत्र संगणकाच्या खोलीचे कुलूप आणि त्या कुलपाची किल्ली या दोनच गोष्टी काळजीपूर्वक सांभाळल्या गेल्या.

व्यापारी मंडळींना हे हिशेबाच्या भाषेत लवकर उमजेल. आयकराच्या नियमांत संगणकावर पूर्वी ६० टक्के घसारा मिळे. २०१७ पासून तो ४० टक्के करण्यात आला. म्हणजे शंभर रुपयांचा संगणक पहिल्या वर्षाअखेर वहीत साठ रुपयांचा, दुसऱ्या वर्षाअखेर छत्तीसचा आणि तिसऱ्या वर्षाअखेर एकवीस रुपये साठ पैशांचा उरतो. दुकानातील यंत्राला हा नियम न चुकता लावणारे गृहस्थ शाळेला दिलेल्या यंत्राकडे मात्र मंदिराच्या संगमरवरी पायरीसारखे पाहतात. एकदा नाव कोरले की पुढच्या पिढ्यांचीही सोय झाली, अशी त्यांची समजूत असते. वास्तविक यंत्राची देणगी ही एका वर्षाची देणगी नव्हेच. शंभर रुपये द्यावयाचे असतील, तर त्यांतील तीस-चाळीस रुपये पुढील तीन वर्षांची दुरुस्ती, इंटरनेट आणि बॅटरी यांसाठी वेगळे काढून ठेवणे हाच शहाणपणाचा हिशेब ठरेल.

बॅटरीचे तर स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. विदर्भातील उन्हामुळे येथील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. या लांबलेल्या सुट्टीत इन्व्हर्टरची शिशाची बॅटरी चार्ज न होता पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि तिची साठवणशक्ती कायमची घटते. सुट्टी लागण्यापूर्वी ती पूर्ण चार्ज करून तारा सोडवाव्यात, पाण्याची पातळी पाहावी आणि सुट्टीत एकदा कोणी शाळेत जाऊन पुन्हा चार्ज करावी. एवढ्या लहान कामासाठी एक माणूस नेमून दिला, तर नवी बॅटरी घेण्याची पाळी लवकर येणार नाही. प्रोजेक्टरच्या जाळीवरील धूळ महिन्यातून एकदा झटकणे हेही त्याच माणसाचे काम.

आता साधनांकडे वळू. तयार कपड्यांच्या चिठ्ठीवर किंवा दुकानाच्या गल्ल्यापाशी दिसणारा काळ्या-पांढऱ्या चौकटींचा क्यूआर कोड आता सर्वांच्या ओळखीचा आहे. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तयार केला. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत २००९ मध्ये रुजू झालेले शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी तोच कोड पाठ्यपुस्तकाच्या पानांवर आणला. कोड मोबाईलने टिपला की कविता ऐकू येई, धड्याची चित्रफीत दिसे, स्वाध्याय समोर येई. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत असे कोड छापण्याचा निर्णय झाला. डिसेंबर २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा पुरस्कार जाहीर झाला, तेव्हा त्यांनी त्यातील अर्धी रक्कम अंतिम फेरीतील उरलेल्या नऊ शिक्षकांत वाटण्याचे घोषित केले. वृत्तपत्रांनी पुरस्काराच्या रकमेला मोठे मथळे दिले. ते स्वाभाविकही होते. मात्र शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. कोड म्हणजे केवळ चिठ्ठी, माल नव्हे. त्या चिठ्ठीमागे ध्वनिमुद्रित कविता आणि चित्रफिती तयार करून ठेवाव्या लागल्या.

आज पाठ्यपुस्तकांतील कोड ‘दीक्षा’ या ॲपमधून उघडतात. हे ॲप सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झाले. त्यातील साहित्य एकदा उतरवून घेतले की पुढे इंटरनेटविना चालते, ही बाब अनेकांना ठाऊक नसते. ज्या गावी रेंज येत नाही तेथील शिक्षकांनी आठवड्याचे पाठ रविवारी यवतमाळला वा घरी उतरवून घ्यावेत व सोमवारी तसेच वर्गात दाखवावेत. मात्र दाखविण्यापूर्वी स्वतः एकदा पाहणे अगत्याचे आहे. पुस्तके बदलतात, जुने कोड मागे राहतात. कधी कोड उघडतो आणि भलताच पाठ समोर येतो. चाळीस मुलांसमोर ते कळण्यापेक्षा आदल्या रात्री कळलेले बरे.

विकत घेण्याची गरज नाही असे पुष्कळ काही उपलब्ध आहे, आणि दुकानदार त्याविषयी बोलणार नाही हे उघड आहे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात. १९७१ मध्ये सुरू झालेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही तेथे वाचावयास मिळतात. मराठीतील नामवंत लेखकांनी मुलांसाठी लिहिलेले इतके साहित्य एका ठिकाणी क्वचितच सापडेल. मराठी विश्वकोश महाजालावर खुला आहे. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीसह अनेक भाषांतील चित्रकथा आहेत, त्या छापून घेण्यास, इतकेच नव्हे तर भाषांतरित करण्यासही मुक्त परवानगी आहे.

विजेवाचून चालणाऱ्या साधनांचे नाव घ्यावयाचे, तर अरविंद गुप्ता यांना वगळता येणार नाही. कानपूरच्या आयआयटीतून १९७५ मध्ये अभियंता झालेल्या या गृहस्थांनी मोटारींच्या कारखान्यातील नोकरीपेक्षा टाकाऊ वस्तूंतून खेळणी करण्यात आयुष्य घालविले. पुण्यातील आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी २०१४ पर्यंत काम केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या विज्ञानकेंद्राच्या उभारणीस पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीचा हातभार लागला होता, हेही येथे नमूद करणे योग्य. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे करून त्यांत आगकाड्यांची टोके खोचण्याची त्यांची युक्ती कोणत्याही शाळेत करता येते. गूल आधी खरवडून काढावे. तीन काड्यांचा त्रिकोण दाबला तरी हलत नाही. चार काड्यांचा चौकोन मात्र बोटाच्या धक्क्याने तिरपा होतो. त्याला एक कर्ण जोडला की तोही घट्ट. लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील कोणत्याही शेडच्या छपराला लोखंडी कैच्या का असतात, याचे उत्तर सहावीच्या मुलाला त्या क्षणी आपल्या हाताने मिळते. यास लागणारी सामग्री सायकलच्या दुकानात आणि किराणा दुकानात मिळते. असे साधन भेट दिल्याचे छायाचित्र चांगले येत नाही, एवढाच काय तो त्याचा दोष.

टाळेबंदीच्या काळाने एक गोष्ट उघडी केली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. त्या वर्षीच्या ‘असर’ पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी खरी, परंतु दहापैकी जवळजवळ चार मुले तरीही बाहेरच राहिली, आणि घरातील एकुलता एक फोन बहुधा वडिलांसोबत कामावर गेलेला असे. त्या जुलैमध्ये एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ ही मालिका सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली, तिचे मोल म्हणूनच मोठे. फोन नसलेल्या काही घरांत दूरदर्शनचा संच होता.

यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक अंतर आहे, आणि ते कोणत्याही यंत्राच्या किमतीत मोजता येत नाही. झरी जामणी, केळापूर, मारेगाव, घाटंजी या भागांतील कोलाम पोडांवरचे मूल पहिलीत येते, तेव्हा पाठ्यपुस्तकातील भाषा त्याच्या घरची नसते. कोलामी ही मराठीची बोली नव्हे. ती तेलुगू, कन्नड यांच्या द्राविडी कुळातील स्वतंत्र भाषा आहे. भाषाशास्त्रज्ञ मरे इमेनो यांनी तिच्यावरील ग्रंथ १९५५ मध्येच प्रसिद्ध केला. कोलामीत पाण्याला ‘ईर’ म्हणतात, घराला ‘एल्ला’ आणि विस्तवाला ‘किस’. मराठी शिक्षकाच्या कानाला किस म्हणजे बटाट्याचा किंवा खोबऱ्याचा. पोडावरच्या मुलाला तो चुलीतला जाळ. शिक्षक आणि मूल दोघेही एकच शब्द उच्चारतात आणि दोघांना वेगवेगळ्या गोष्टी दिसतात. मग मूल गप्प बसते, आणि ‘याला काही येत नाही’ असा शेरा त्याच्या नावापुढे लागतो.

हे साधन कोणतीही कंपनी बाजारात आणणार नाही, कारण त्याचे गिऱ्हाईक फार थोडे. ते शिक्षकानेच तयार करावे लागेल, आणि त्यासाठी हातातला मोबाईल पुरेसा आहे. पोडावरील एखाद्या वडीलधाऱ्या बाईंकडून घर, चूल, शेत, जनावरे, नाती, अंक यांचे दोनशे शब्द म्हणवून घ्यावेत. प्रत्येक शब्दाला मुलांनी काढलेले चित्र आणि शेजारी मराठी शब्द जोडावा. गोंडी आणि बंजारा बोलींसाठीही हेच करता येईल. शब्द सांगणाऱ्या बाईंची मजुरी त्या दिवशी बुडते, ती देणगीतून रोखीने भरून द्यावी. हा मानधनाचा उपचार नव्हे, कामाचा मोबदला आहे.

ध्वनिमुद्रणाबाबत एक व्यवहारी सूचना. टिनाच्या छपराच्या वर्गखोलीत आवाज घुमतो आणि शब्द फाटतात. पंखा बंद करून, तीन बाजूंना जाड गोधड्या किंवा सतरंज्या टांगून आणि मोबाईल तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून मुद्रण केल्यास आवाज स्वच्छ येतो. कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या गोदामात माणसाचा आवाज कसा मऊ आणि जवळचा वाटतो, हे या सभागृहातील अर्ध्या मंडळींना ठाऊक आहेच. प्रोजेक्टरच्या पडद्यासाठीही महागडी गुंडाळी आवश्यक नाही. जाड पांढरे सुती कापड, मागून काळे अस्तर आणि खालच्या काठात घातलेली काठी एवढ्याने काम भागते. अस्तर नसेल तर उजेड आरपार जाऊन चित्र फिके पडते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता मराठीत प्रश्नपत्रिका आणि स्वाध्याय क्षणार्धात करून देतात. वेळ वाचतो हे खरे. परंतु ती चुकीचे सनही तितक्याच ठामपणे सांगतात. त्यांनी दिलेला प्रत्येक सन, प्रत्येक नाव पाठ्यपुस्तकाशी वा विश्वकोशाशी ताडून पाहिल्याखेरीज फळ्यावर लिहू नये. आणि मुलांची छायाचित्रे पालकांना न विचारता व्हॉट्सॲपवर फिरवू नयेत. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. देणगी-समारंभाच्या छायाचित्रकारांनाही हे सांगावे लागेल.

न्यासाने प्रथम दोन-तीन शाळाच निवडाव्यात, त्याही तेथील शिक्षकांनी लेखी मागणी केली असेल तर. मागणीत कोणता पाठ, कोणता वर्ग आणि कोणत्या तासाला, एवढे नमूद असावे. वर्षाअखेर विश्वस्तांपैकी एकाने पूर्वसूचना न देता जाऊन यंत्र चालू करून पाहावे. शब्दसंग्रहाचे काम मात्र लगेच ठरविता येत नाही. दिवाळीपासून पोडावरची सारी माणसे कापूस वेचणीस गेलेली असतात. ती आटोपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये मुद्रण ठेवले, उन्हाळ्याच्या सुट्टीत चित्रे व शब्द जुळवून घेतले, तर जूनच्या अखेरीस पहिलीत येणाऱ्या मुलांपर्यंत ते पोहोचू शकेल.