नकोशा कुत्र्यांना घर



आमचा विषय जाहीर होताच काही मंडळी गालांत हसली, ती आम्ही पाहिली. “मास्तर, तुम्ही मुसलमान असून कुत्र्यांच्या नादी कसे लागलात?” असे आम्हांस बेळगावात दोन्ही बाजूंनी विचारतात. आमच्या मोहल्ल्यात कुत्रा घरात घेत नाहीत, हे खरे. परंतु गुहेत निजलेल्या सत्पुरुषांच्या उंबरठ्याशी पाय पसरून बसलेला कुत्रा कुराणशरीफातच आहे, आणि तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याचे पाप माफ झाल्याची हदीस आमची लहान मुलेही जाणतात. इकडे नामदेवरायांची तुपाची वाटी आपणां सर्वांना ठाऊक आहे. तेव्हा दयेचा तुटवडा आहे असे आम्ही म्हणत नाही. तुटवडा आहे तो जागेचा.

७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की, शाळा, इस्पितळे, बसस्थानके यांच्या आवारांतील भटकी कुत्री नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत, पुन्हा त्याच जागी सोडू नयेत. शिक्षक म्हणून आम्हांस त्यामागचे कारण पटते. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की माणूस बहुधा वाचत नाही. चावल्याबरोबर जखम पंधरा मिनिटे साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवावी आणि लस टोचून घ्यावी, हे आम्ही वर्गावर्गांतून सांगतो. पण निवारे आधीच भरलेले. आणि लस न दिलेली पिल्ले दाटीने ठेवली की पार्व्होची साथ त्यांना धरते. म्हणून न्यावयाचे तर घरीच, असे आम्ही ठरविले.

आमच्या शाळेत पाण्याच्या टाकीमागे एक तांबडी कुत्री व्याली होती. सहा पिल्ले: दोन नर, चार माद्या. अक्षर दासोहाच्या उरलेल्या भातावर ती जगत असे. नर दोन दिवसांत गेले. मादीचे नाव काढताच मात्र लोक म्हणत, “सर, दर वर्षी पिलावळ कोण सांभाळणार?” सहा महिन्यांनी नसबंदी आम्ही आमच्या खर्चाने करून देऊ, असे सांगितले तरी मान हलेना. (हे बोलणे आमच्या शाळेतील बाईंनी माणसांच्या मुलींविषयीही ऐकलेले, त्या फार संतापत.) अखेर दोघी हुक्केरीकडच्या उसाच्या मळ्यावर गेल्या, तिसरी एका गवळ्याकडे. चौथी आठ दिवसांत परत आली. नेणाऱ्या कुटुंबाने तिला प्रेमाने ठेवले होते, पण घरमालकाने बजावले. पुढे दीड महिन्याने तिला घर मिळाले.

तेव्हापासून आम्ही पिल्लू देताना चौकशी करतो. घर स्वतःचे आहे काय? लग्नकार्याला गावी गेलात तर भाकरी कोण घालील? बहुधा हौस मुलाची असते आणि काम आईचे, म्हणून आम्ही आईशीच बोलतो. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. आज पाचवीत असलेला मुलगा नोकरीस लागेल, तेव्हाही तो दाराशी असेल.

विकत घेतलेल्या कुत्र्यांचे हाल तर निराळेच. बर्फातला हस्की इकडे पंख्याखाली धापा टाकतो. आपल्या जवळचाच मुधोळचा शिकारी कुत्रा, ज्याच्यावर २००५ साली टपाल तिकीट निघाले, त्याला पळावयास माळ हवा. दोन खोल्यांत बांधला की तो दार ओरबाडतो. मग त्याला रात्री मोटारीतून नेऊन दूर सोडून येतात. उपाशी मरेल अशा रीतीने जनावर टाकणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यास त्यात दंड ठरला होता दहा ते पन्नास रुपये! आणि ज्याने एकदा कुत्रा उचलला, त्याच्या फाटकाशी दुसऱ्या सकाळी पिल्लांचे खोके ठेवलेले असते. असे लोक थकतात, कर्जातही बुडतात.

राहिली ती तांबडी आई. तिची नसबंदी झाली आहे, रेबीजची लस दिली आहे, कानाला खाच आहे. शाळेत तिला परत आणता येत नाही. सध्या ती आमच्या एका निवृत्त शिपायांच्या परसात आहे. पण शिपाईमामा लवकरच हुबळीस मुलाकडे राहावयास जाणार आहेत. वय अदमासे तीन वर्षे. मुलांची तिला सवय आहे, कोंबड्यांची मात्र नाही. परस किंवा मळा असलेल्या कोणास ती न्यावयाची असल्यास, सभा संपल्यावर आम्ही चहाच्या टेबलापाशी थांबणार आहोत.