चिपाडाचा हिशेब



शाळा सुटली की आपण गुऱ्हाळावर काकवी खायला थांबायचो. चुलवाणात जळायचं ते त्याच उसाचं वाळलेलं चिपाड. पेट्रोलमधल्या 20 टक्के इथेनॉलवर बोलताना मला तेच आठवतं.

खनिज इंधनाची एक एकक ऊर्जा खर्चून ब्राझीलच्या उसातून इथेनॉलची साधारण आठ एककं मिळतात, अमेरिकेच्या मक्यातून दीड-दोन. मुख्य फरक चिपाडाचा. ऊस स्वतःचं जळण घेऊनच कारखान्यात येतो. मक्याला ते विकत घ्यावं लागतं.

पण तो आठाचा आकडा आपला नव्हे. तिथला ऊस बहुतेक पावसावर वाढतो, आपला मोटारीवर. शिवाय युरिया, तोही नैसर्गिक वायूपासून बनतो.

धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, पंपाचं बिल शून्य आहे, कसला हिशेब करतेस?" बिल शून्य, पण मोटार रात्रभर चालते, आणि विहीर दरवर्षी खाली जाते. दिवाळीत यावरून आमचं चांगलंच वाजलं. (कोड लिहिणाऱ्या बाईनं उसावर बोलू नये, हेही ऐकलं.) शेवटी अर्ध्या एकरावर ठिबक करायला तो तयार झाला. मोटारीला मीटर मी बसवून दिलाय. आकडे पुढच्या मेळाव्यात सांगते.